वक्तृत्वस्पर्धेतला न्याय

वाचकहो, डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत सकाळी नांदेडच्या किंवा लातूरच्या बसस्थानकावर उभे राहिलात, तर एक दृश्य हमखास नजरेस पडते. देगलूर, बिलोली, किनवट, उदगीर, निलंगा, औसा अशा गावांहून आलेल्या एस.टी.तून दोन-दोन, तीन-तीन विद्यार्थी उतरतात. अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात घडी घातलेला कागद, आणि ओठ आपल्याशीच हलत असतात. ही मुले वक्तृत्वस्पर्धेला आलेली असतात. दुपारी त्यांची पाच-सात मिनिटे होतात, घंटा वाजते, टाळ्या पडतात. संध्याकाळी निकाल लागला की मिळेल त्या गाडीने ती परत निघतात. एकाच्या काखेत ढाल असते. बाकीच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: आपण कुठे कमी पडलो?

या प्रश्नाचे खरे उत्तर परीक्षकाला देता आले पाहिजे. ते ज्याला देता येते त्याने न्याय केला. ज्याला देता येत नाही त्याने केवळ निकाल लावला.

आता तुम्ही म्हणाल, कॉलेजातल्या एका ढालीसाठी न्यायाची एवढी मोठी भाषा कशाला? हरकत नाही, शंका रास्त आहे. पण मराठवाड्यात तरी या गोष्टीला लहान म्हणता येत नाही. चारचौघांत उभे राहून आपले म्हणणे मांडणे ही गोष्ट या प्रदेशाला सहजासहजी मिळालेली नाही. ती कशी मिळाली, हे आधी थोडे पाहू. म्हणजे तिची परीक्षा किती जपून करायला हवी, तेही ध्यानात येईल.

नांदेड आणि लातूर हे दोन्ही भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर तेव्हा आजच्या धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. संस्थानात १९२९ साली एक सरकारी फर्मान निघाले. ते ‘गश्ती निशान ५३’ या नावाने ओळखले जाते. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा भरवायची तर आधी सरकारची परवानगी घेतली पाहिजे, असा त्याचा अर्थ. परवानगी द्यायची की नाही, हे अंमलदाराच्या मर्जीवर. म्हणजे बघा, वक्ता तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या भाषणाचा निकाल लागत असे, आणि तोही ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच हातून!

याही आधीपासून संस्थानातल्या लोकांना राजकीय विषयावर परिषद भरवायची झाली, तर सरहद्द ओलांडावी लागे. हैदराबाद राजकीय परिषदेची अधिवेशने पाहा: १९२३ मध्ये काकिनाडा, १९२६ मध्ये मुंबई, १९२८ मध्ये पुणे, १९३१ मध्ये अकोला. घरची गाऱ्हाणी सांगायला दुसऱ्याच्या अंगणात जायचे, असा तो प्रकार. घरात बोलायचे तर गणेशोत्सवातले व्याख्यान, वाचनालयाचा वार्षिक समारंभ, नाही तर कीर्तन-प्रवचन, एवढ्याच वाटा मोकळ्या. पुढे १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि १९३८ मध्ये लातूरला दुसरे. मराठवाड्याचा माणूस मराठवाड्याच्या भूमीवर, आपल्या भाषेत, आपल्या प्रश्नांवर जाहीरपणे बोलू लागला. त्याच १९३८ साली उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, म्हणून त्यांना विद्यापीठातून काढून टाकण्यात आले. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले.

त्या काळातल्या दोन वक्त्यांची नावे मी मुद्दाम एकत्र घेतो. एक स्वामी रामानंद तीर्थ आणि दुसरे नवाब बहादूर यार जंग. स्वामीजी जन्माने कर्नाटकातल्या सिंदगीचे. पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिक्षक म्हणून त्यांनी काम केले, आणि हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याचे ते नेते झाले. बहादूर यार जंग हे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे अध्यक्ष. १९४४ मध्ये ते वारले. उर्दूतला असा वक्ता विरळा, हे त्यांच्या राजकारणाला कडाडून विरोध करणाऱ्यांनाही नाकारता आले नाही. आता कल्पना करा, या दोघांना एका व्यासपीठावर बसवून आपल्याला गुण द्यायला सांगितले, तर आपण काय करू? ज्याचे मत आपल्याला पटते त्याच्याकडे आपला हात आपोआप झुकेल. परीक्षकाची पहिली कसोटी इथेच लागते. मत पटणे ही एक गोष्ट, आणि त्या मताची मांडणी पक्की असणे ही दुसरी. परीक्षकाने दुसऱ्या गोष्टीचे गुण द्यायचे असतात. पहिलीचे त्याने मतपेटीत टाकावेत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानातली राजवट संपली. बंद दार उघडल्यावर वारा जसा एकदम आत घुसतो, तसे पुढच्या दहा-पंधरा वर्षांत झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. त्यामागे स्वामीजींचीच प्रेरणा होती. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय सुरू झाले, १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय. कॉलेज आले की स्नेहसंमेलन आले, स्नेहसंमेलन आले की वक्तृत्व आणि वादविवाद आले. पुण्यामुंबईकडे ही परंपरा जुनी. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. आपल्याकडे मात्र ज्याच्या वडिलांना सभेसाठी अर्ज करावा लागला होता, तो मुलगा आता सभेत बोलण्याबद्दल बक्षीस घेऊ लागला. हा फरक फक्त एका पिढीचा आहे.

याच पिढीत नांदेडने नरहर कुरुंदकरांना ऐकले. १९३२ मध्ये नांदापूरला जन्मलेला, हैदराबादेत शिकलेला हा माणूस. परीक्षेच्या गुणांनी त्यांना बराच काळ हुलकावणी दिली; इंटरच्या परीक्षेत ते अनेकदा नापास झाले होते. नांदेडला ते आधी शाळेत शिक्षक झाले, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि अखेर त्याच कॉलेजचे प्राचार्य. महाराष्ट्रभर त्यांची व्याख्याने झाली. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांना मृत्यू आला. त्यांच्या व्याख्यानाला लोक जात ते आवाजाच्या चढउतारासाठी नव्हे. एक मुद्दा घ्यायचा, त्याची उलट बाजू विरोधकापेक्षाही नेटकी मांडायची आणि मग तिला उत्तर द्यायचे, अशी ती रीत होती. मला नेहमी वाटते, आपल्या आजच्या छापील गुणपत्रकावर कुरुंदकरांना कितवा क्रमांक मिळाला असता? रकाने तर ठरलेले असतात: आशय, मांडणी, भाषाशुद्धी व उच्चार, सभाधीटपणा. उलट बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचा रकाना मी अजून कुठे पाहिलेला नाही.

आता मी माझी स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकार नाही.

२०१६ सालची गोष्ट. त्या वर्षी लातूरला पाण्याची अशी टंचाई पडली की एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षातल्याच एका स्पर्धेत, लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मी परीक्षक होतो. आम्ही तिघे होतो. विषय अर्थातच पाणी. स्पर्धक क्रमांक ७ ही एका खेड्यातली मुलगी. तिने सुभाषित म्हटले नाही, आकडे फेकले नाहीत. टँकर येण्याच्या आदल्या रात्री गल्लीतल्या बाया घागरी रांगेत लावून कशा निजतात, कोणाची घागर कोणी मागे सारली म्हणून दोन घरांचे बोलणे कसे बंद झाले, आणि पाणी वाटून घ्यायचे नियम शेवटी त्या बायांनीच कसे ठरवले, हे तिने सांगितले. ‘‘टँकर येऊलालाय म्हणलं की सगळी गल्ली पळूलाली,’’ असे तिचे बोलणे. तिच्यानंतर काही वेळाने स्पर्धक क्रमांक १२ आला. स्वच्छ वाणी, नेमके हातवारे, ‘जल हेच जीवन’ पासून सुरुवात, घंटेच्या ठोक्याला शेवट. भाषण चांगलेच होते, यात वाद नाही.

निकाल जाहीर झाला. क्रमांक १२ पहिला, क्रमांक ७ दुसरी. कार्यक्रम आटोपल्यावर ती मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘‘सर, माझं काय चुकलं ते सांगता का? पुढच्या वेळी सुधारते.’’ मी म्हणालो, ‘‘भाषेकडे लक्ष दे.’’ तिने मान डोलावली आणि गेली.

माझ्या गुणपत्रकाची प्रत माझ्याजवळ राहिली होती. घरी आल्यावर ती काढून बसलो. आयोजकांनी तिघांचे गुण वाचून दाखवले होते, तेही टिपून ठेवले होते. पहिल्या परीक्षकाने क्रमांक ७ ला ७४ आणि क्रमांक १२ ला ७२ गुण दिले होते. दुसऱ्याने ७१ आणि ६९. म्हणजे दोघांच्याही मते मुलगी पहिली होती. आणि मी? मी तिला दिले ६० आणि त्याला ८२. बेरीज करा: तिचे २०५, त्याचे २२३. तिघांपैकी दोघांना जी पहिली वाटली, ती दुसरी आली. माझे एकट्याचे २२ गुणांचे अंतर त्या दोघांच्या दोन-दोन गुणांच्या अंतराला गिळून बसले.

मग रकाने पाहिले. आशयात मी तिला २३ गुण दिले होते, त्याला २२. म्हणजे विचार तिचाच सरस, हे माझ्याच हाताने मी लिहिले होते. मांडणीत आणि सभाधीटपणात दोन-दोन गुणांनी तो पुढे होता. आणि ‘भाषाशुद्धी व उच्चार’ या ३० गुणांच्या रकान्यात त्याला २७ आणि तिला ८. एका रकान्यात १९ गुणांची दरी! ‘येऊलालाय’ या एका रूपाची मी एवढी किंमत वसूल केली होती. आणि गंमत अशी की माझ्या आईच्या तोंडी जन्मभर तेच रूप होते.

या चुकीत दोन वेगवेगळे दोष आहेत. एक मनाचा आणि एक गणिताचा. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते निरनिराळे.

आधी मनाचा दोष घेऊ. नांदेड-लातूरकडची बोली कशी घडली आहे ते पाहा. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ ची. तिथे शिक्षणाचे माध्यम उर्दू. कचेरीची भाषा उर्दू. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू, उदगीर-देवणीच्या पलीकडे कन्नड. या सगळ्यांच्या शेजारात इथली मराठी वाढली. तिच्यात अर्ज आहे, तसाच इलाखाही आहे. क्रियापदांची रूपे तिची स्वतःची आहेत. ही मोडकी पुणेरी मराठी नव्हे; ही धड मराठवाडी मराठी आहे. तेव्हा ‘भाषाशुद्धी’ या शब्दाचा अर्थ आयोजकांनी आधी ठरवला पाहिजे. माझ्यापुरता मी तो असा ठरवला आहे: शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द स्पष्ट ऐकू आला का, वाक्य पुरे झाले का, आणि वक्त्याला जे म्हणायचे होते तेच श्रोत्याला कळले का? वाक्य अर्ध्यात तुटले, अर्थ निसटला, तर गुण जरूर कापा. पण बोलीचे रूप आले म्हणून कापू नका. वेगळा उच्चार ही चूक नव्हे; न कळणारा उच्चार ही चूक.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खेड्यातली मुलगी म्हणून तिला पाच गुण अधिक द्यावेत, असे मी म्हणत नाही. दयेचे गुण हाही अन्यायच असतो. फक्त तो क्रमांक ७ वर न होता क्रमांक १२ वर होतो. त्या मुलानेही मेहनत केली होती. शिवाय दयेने मिळालेली ढाल घरी नेणाऱ्यालाही टोचते.

आता गणिताचा दोष. तीन परीक्षकांत एकजण सगळ्यांना ६५ ते ७५ च्या दरम्यान गुण देतो आणि दुसरा ४० पासून ९० पर्यंत फिरतो. बेरीज केली की निकाल या दुसऱ्याच्याच हाती जातो. त्याने लबाडी केली असेच नव्हे. त्याची मापाची पट्टीच लांब असते. यावर साधा उपाय असा की गुणांची बेरीज न करता प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून क्रमांक लावावेत आणि क्रमांकांची बेरीज करावी. जिची बेरीज कमी, तो वक्ता वर. माझ्या स्पर्धेत ती मुलगी दोघांकडे पहिली आणि माझ्याकडे दुसरी, म्हणजे बेरीज ४. तो मुलगा दोघांकडे दुसरा आणि माझ्याकडे पहिला, म्हणजे ५. निकाल फिरला असता.

ही युक्ती माझी नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा नावाच्या गणितज्ञाने विद्वत्सभेतल्या निवडणुकीसाठी क्रमांकांवर आधारलेली अशीच पद्धत सुचवली होती. पण तिच्यातही एक छिद्र आहे. एखाद्या परीक्षकाने आपल्या माणसाला वर काढण्यासाठी त्याच्या तुल्यबळ स्पर्धकाला मुद्दाम तळाशी ढकलले, तर ही पद्धतही फसते. माझी पद्धत प्रामाणिक माणसांसाठी आहे, असे उत्तर बोर्दाने यावर दिल्याचे सांगतात. म्हणून जिथे पाच परीक्षक मिळतील, तिथे प्रत्येक स्पर्धकाचा सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून मधल्या तिघांवर निकाल लावावा. तालुक्याच्या गावी पाच परीक्षक मिळणे कठीण, हे मला ठाऊक आहे. तिथे तिघांवर आणि क्रमांकांवर भागवावे.

पण परीक्षकच प्रामाणिक नसेल तर? हा प्रश्न आपल्याकडे कुजबुजीत विचारला जातो. प्राचीन अथेन्सच्या लोकांनी तो उघड विचारला होता. त्यांच्याकडे नाटकांच्या स्पर्धा होत. दहा जमातींतून नावे घेऊन ती मडक्यांत ठेवली जात, ऐनवेळी प्रत्येक मडक्यातून एकेक नाव काढून दहा परीक्षक नेमले जात, आणि त्या दहांच्या मतांतूनही चिठ्ठ्या टाकून काहीच मते मोजली जात, असे वर्णन आहे. कोणाचे मत मोजले जाणार हेच ठाऊक नाही, तर लाच द्यायची कोणाला? तिथल्या न्यायालयांत पंच शेकड्यांनी असत आणि चौथ्या शतकात त्यांची वाटणी त्याच दिवशी सकाळी चिठ्ठ्यांनी होई.

वेळेबाबतही त्यांची शिस्त पाहण्यासारखी होती. आपल्या जुन्या घटिकापात्रासारखे त्यांचे पाण्याचे घड्याळ असे. दोन्ही बाजूंना पाणी सारखे मोजून मिळे. आणि खासगी दाव्यांत साक्ष किंवा कायदा वाचून दाखवला जात असताना पाण्याची धार थांबवत, कारण तो वेळ वक्त्याचा नव्हे. आपल्याकडे माइक बंद पडतो, वीज जाते, मंत्रीमहोदय येतात आणि सभागृह उभे राहते. घड्याळ मात्र चालूच! घंटा वाजवणाऱ्याला एवढे सांगून ठेवा की वक्त्याच्या दोषाशिवाय गेलेला वेळ त्याला परत द्यायचा. अडीच हजार वर्षांपूर्वी जे जमले, ते आपल्याला जमू नये?

त्याच अथेन्समध्ये इसवी सनापूर्वी ३३० मध्ये डेमॉस्थेनिस आणि एस्किनिस या दोन वक्त्यांचा सामना झाला. एस्किनिस पूर्वीचा नट, आवाज देखणा. पण त्याला पंचांची पाचवा हिस्सा मतेही मिळाली नाहीत आणि त्याला गाव सोडावे लागले. पंचांनी त्या दिवशी गळा तोलला नाही, हे उघड आहे.

आणखी एक गोष्ट क्रमाची. आधी बोलणाऱ्यावर अन्याय होतो अशी विद्यार्थ्यांची तक्रार असते आणि आपण ती हसण्यावारी नेतो. ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ नावाची जगप्रसिद्ध संगीतस्पर्धा होते. तिथे अंतिम फेरीतले बारा कलावंत सहा संध्याकाळी, रोज दोघे याप्रमाणे वाजवतात, आणि क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो. १९९६ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथले अनेक वर्षांचे निकाल तपासले. पहिल्या दिवशी वाजवणारे कलावंत निकालात खाली राहण्याकडे कल आहे आणि नंतरचे वर जाण्याकडे, असे त्यांना आढळले. क्रम तर दैवाने ठरला होता. मग हा फरक गुणवत्तेचा कसा असेल? परीक्षक सुरुवातीला हात राखून असतात, एवढाच त्याचा अर्थ. यावर मी एक साधा उपाय वापरतो. स्पर्धेबाहेरच्या एखाद्याचे, मागच्या वर्षीच्या विजेत्याचे म्हणा, एक भाषण आधी ठेवायचे. त्याला सर्व परीक्षकांनी गुण द्यायचे आणि आपापली पट्टी ताडून पाहायची. सोनार तागडी वापरण्याआधी रिकामी उचलून पाहतो, तसेच हे.

पाठांतराचाही प्रश्न आहेच. सरांनी लिहून दिलेले भाषण घोकून म्हणणारा विद्यार्थी बहुधा अधिक अस्खलित बोलतो. त्याला दोष देऊ नये. सुरुवात पाठांतरानेच होते. पण परीक्षा वक्त्याची करायची की त्याच्या सरांची, हे ठरवायला हवे. भाषणानंतर परीक्षकाने एकच प्रश्न विचारावा, सर्वांना सारख्या वेळेचा. उदाहरणार्थ, ‘तुमच्या म्हणण्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता?’ ज्याने स्वतः विचार केला आहे तो अडखळत का होईना, उत्तर देतो. केवळ घोकलेल्याचा कागद तिथे संपतो.

राहता राहिल्या काही रीतीच्या गोष्टी. स्पर्धकाचे नाव, आडनाव आणि कॉलेज पुकारू नये, क्रमांक पुकारावा. आडनावाने आणि गावाने आपल्या मनात काय काय जागे होते, ते ज्याचे त्याने ओळखावे. आपला नातलग किंवा आपला विद्यार्थी असेल तर परीक्षकाने त्याच्यापुरती लेखणी खाली ठेवावी. गुण भाषण संपताच लिहावेत, सही करून द्यावेत, आणि मगच चहाला उठावे. कारण चहाच्या कपाबरोबर मते एकमेकांत मिसळतात. यजमान कॉलेजने करंडक स्वतःकडे ठेवू नये, हा अनेक ठिकाणचा रिवाज चांगला आहे. आणि निकालानंतर प्रत्येक स्पर्धकाला त्याचे गुणपत्रक, निदान दोन ओळींच्या कारणासह, हाती द्यावे. पहिल्या आलेल्याला कारणाची गरज नसते. शेवटच्या आलेल्याला ते मिळाले पाहिजे.

हे सगळे नियम ऐकून कोणी म्हणेल, परीक्षक सज्जन असला की पुरे. मी त्या दिवशी दुर्जन नव्हतो, वाचकहो. मी कोणाची शिफारस ऐकली नव्हती, कोणाचा चहा घेतला नव्हता. माझा हेतू साफ होता आणि माझा निकाल चुकला. सज्जनपणा हा न्यायाचा आरंभ आहे. पण त्याला रीतीची जोड नसेल तर सज्जन माणूसही आपल्या कानाला जे गोड लागते त्यालाच न्याय समजून बसतो.

१९९४ मध्ये नांदेडला विद्यापीठ झाले. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांचे ते विद्यापीठ स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने उभे आहे. दर वर्षी युवक महोत्सवात वक्तृत्व आणि वादविवाद होतात, आणि कितीतरी मुले-मुली पहिल्यांदा माइकसमोर उभी राहतात. त्यांच्या आजोबांच्या काळी सभा होऊ द्यायची की नाही, हे एक अंमलदार ठरवीत असे, आणि त्याने कारण देण्याची पद्धत नव्हती. आज परीक्षकाच्या खुर्चीत आपण बसतो. आपण कारण देऊ शकलो नाही, तर त्या अंमलदारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

त्या क्रमांक ७ च्या मुलीचे नाव मला ठाऊक नाही. नियमाप्रमाणे ते मला कळायलाही नको होते. तिच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र मी तिला देऊ शकलो नाही. ते आज इथे देतो: तुझे काही चुकले नव्हते, बाई. चुकले ते माझे.